४×५ साठी सेकंडहँड ९० एमएम वाइड : स्वस्तातली कुठली घ्यावी?

उलटी_पाटी
नमस्कार मंडळी. दीड वर्ष झालं ४×५ वर, म्हणजे चार बाय पाच इंची शीट फिल्मवर, काम करतोय, लाकडी फिल्ड कॅमेरा आहे आणि लेन्स एकच, १५० एमएम एफ/५.६. माणसं, झाडं, मोकळी जागा सगळं त्यावर निभावतं, पण आता जुन्या इमारतींचं काम हातात घेतलंय आणि तिथं गाडी अडलीये. समोर इमारत, पाठीमागे भिंत, मागे सरकायला जागाच नाही. मागच्या आठवड्यात एक जिना काढायला गेलो तर भिंतीला पाठ टेकवून, ट्रायपॉडचा एक पाय पायरीवर ठेवूनसुद्धा खालच्या चार पायऱ्या आणि वरचा झरोका एकदम येईनात, एक धरलं की दुसरं जातं. शेवटी फिल्मचा होल्डर न उघडताच परत आलो.

तर वाइड घ्यायचीये, सेकंडहँडच, नवीन परवडणारी नाही. ९० वर मन बसलंय. गोंधळ असा की श्नायडरची अँग्युलॉन ९० एफ/६.८ दिसते आणि सुपर अँग्युलॉन ९० एफ/८ पण दिसते. पहिली बरीच स्वस्त, आकाराने इवलीशी, आणि आकडा बघाल तर ६.८ म्हणजे उलट जास्त ब्राइट. मग लोक एफ/८ ला जास्त पैसे का मोजतात? फक्त सुपर म्हणून? वापरलेल्यांनी सांगा प्लीज.

काळा_कपडा
उलटी_पाटी, एफ नंबर बाजूला ठेव. लार्ज फॉरमॅटमध्ये वाइड घेताना आधी इमेज सर्कल विचारायचं, बाकी सगळं नंतर.

लेन्स फिल्मवर गोल उजेड टाकते, त्या गोलात तुझा आयत बसवायचा असतो. ४×५ च्या शीटवर प्रत्यक्ष चित्र येतं साधारण ९५×१२० एमएम, त्याचा कर्ण १५३. आता जुनी अँग्युलॉन ९० घे, तिचं सर्कल धरतात १५४, ते पण भरपूर स्टॉप डाउन केल्यावर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक केल्यावर. म्हणजे फिल्मचे चारही कोपरे गोलाच्या काठाला घासून बसलेत. सुपर अँग्युलॉन एफ/८ चं सर्कल एफ/२२ ला २१६. फोकल लेंथ तीच, चित्रात मावणारी जागा तीच, पण भोवती मोकळं रान किती ते बघ.

आणि तू इमारती म्हणालास. इमारतीत राइज लागतोच. कॅमेरा वर वाकवला की भिंती आत कलतात, म्हणून कॅमेरा सरळ ठेवून लेन्सच वर सरकवायची, तोच राइज. तुझ्यासाठी हिशोब करून ठेवलाय, आडव्या फ्रेमला. सर्कलची त्रिज्या १०८, फिल्मची अर्धी रुंदी ६०. १०८ चा वर्ग वजा ६० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ जवळपास ९०. त्यातून फिल्मची अर्धी उंची ४७.५ वजा केली की उरले ४२. म्हणजे सुपर अँग्युलॉनवर ४२ एमएम राइज. हाच हिशोब अँग्युलॉनला लाव, त्रिज्या ७७, उत्तर येतं एक एमएमच्याही आत. चार पायऱ्या आणि झरोका एकदम पाहिजे असेल तर हा फरक आहे, नावातल्या सुपरचा नाही.

उभ्या फ्रेमला ४२ चे ३७ होतात, तरी भरपूर. बहुतेक लाकडी कॅमेऱ्यांना इतका राइज जमतच नाही, आधी बेलोज, म्हणजे लेन्स आणि फिल्ममधला घड्यांचा भाता, दाटतात.

चौकट
वाचतोय. माझाही हाच प्रश्न होता, विचारायचा राहून गेला.

डोंगरवाट
काळा_कपडा म्हणतात ते इमारतींसाठी शंभर टक्के बरोबर, पण अँग्युलॉनवर अन्याय नको व्हायला. माझ्याकडे ती बारा वर्षं आहे आणि विकणार नाही. मी डोंगरात चालतो, पाठीवर कॅमेरा, सहा होल्डर, ट्रायपॉड, पाणी. अँग्युलॉनचा फिल्टर ४०.५ एमएमचा, सुपर अँग्युलॉन एफ/८ चा ६७ आणि एफ/५.६ वालीचा ८२, यावरूनच कोण किती जाड ते कळेल. माझी लेन्स कॅमेऱ्यावर तशीच ठेवून कॅमेरा मिटतो. माथ्यावर पोचलो की उघडायचा आणि सुरू, वारा सुटायच्या आत एक शीट होऊन जाते. लँडस्केपमध्ये मला राइज क्वचितच लागतो, फार तर लेन्स जरा पुढे झुकवतो, म्हणजे टिल्ट देतो, तोही दोनतीन अंश, आणि तेव्हा कोपरे तपासून घेतो.

पण दोन गोष्टी सांगतो. एक, ती एफ/२२ च्या आधी वापरायचीच नाही, एफ/६.८ हा फक्त फोकस करायला. एफ/२२ ला मधला भाग सुरेख, कोपरे ठीकठाक, एफ/३२ ला कोपरे पण जमून येतात. दुसरी, हे डिझाइन १९३० च्या सुमाराचं आहे, पुढे कित्येक दशकं बनत राहिलं, त्यामुळे दोन अँग्युलॉन सारख्या निघतील याची खात्री नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या बऱ्याच बिनकोटिंगच्या, आकाशाचा तुकडा फ्रेममध्ये आला की सगळं दुधाळ. नंतरच्या कोटेड घ्या. मी दोन परत केल्या तेव्हा तिसरी मनासारखी मिळाली.

उलटी_पाटी
काळा_कपडा, हिशोबाबद्दल मनापासून आभार, कागदावर कंपासने गोल काढून त्यात आयत सरकवून बघितला तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. हे इतकं सोपं आहे आणि मी दीड वर्ष एफ नंबर बघत बसलो होतो.

मग एफ/५.६ वाली सुपर अँग्युलॉन अजून चांगली ना? सर्कल २३५ वाचलं.

काळा_कपडा
२३५ खरं आहे, पण तू १९ एमएमसाठी बरंच जास्त वजन आणि ८२ चा फिल्टर घेणार का ते बघ. एफ/५.६ चा खरा फायदा फोकस करताना, अंधाऱ्या आतल्या जागेत ग्राउंड ग्लास, म्हणजे मागची फोकस बघायची दुधी काच, एक स्टॉप (दुप्पट) उजळ दिसतो. फोटो तर एफ/२२ लाच काढणार आहेस. बाजारात सगळे एफ/५.६ च्या मागे पळतात त्यामुळे एफ/८ वाल्या बिचाऱ्या पडून असतात, आणि स्वस्तात चांगली वाइड हवी असेल तर नेमकी तिथंच हात घालायचा.

श्नायडरच धरून बसू नकोस. फुजिनॉन एसडब्ल्यू ९० एफ/८ आहे, सर्कल २१६. निक्कॉर एसडब्ल्यू ९० एफ/८ चं तर २३५, म्हणजे एफ/८ मध्येच मोठ्या लेन्सचं सर्कल, माझ्या मते या सगळ्यात हुशार खरेदी तीच. रोडेनस्टॉकची ग्रँडॅगॉन एन ९० एफ/६.८, सर्कल २२१. गंमत म्हणजे या चारही ६७ च्या फिल्टरच्या, एक सेट घेतला की झालं.

आणि एक, कॅलटार नावाने लेन्स दिसली तर पुढे जाऊ नकोस. हा कॅलुमेट कंपनीचा घरचा ब्रँड होता, लेन्स बनवायचे दुसरे. कॅलटार टू एन म्हणजे आतून रोडेनस्टॉकच. सिनार कंपनीच्या सिनारॉनचं पण तेच. नाव अनोळखी असल्यामुळे लोक कमी बोली लावतात, काच तीच असते.

निळी_काच
कॅलटारला अनुमोदन. माझी ९० एफ/६.८ कॅलटारच आहे, सहा वर्षं काही तक्रार नाही.

शटरकाका
या धाग्यात सगळे काचेबद्दल बोलताय, शटरबद्दल कोणीच नाही, म्हणून लिहितो.

जुन्या लेन्सची काच सहसा टिकते, अडतं ते शटर. कॉम्पूर असो, कोपल असो, सुपरमॅटिक असो, आत हळू स्पीडसाठी छोट्या दातेरी चाकांची एक साखळी असते, तिच्यावरचं तेल वर्षानुवर्षं घट्ट होत जातं. लक्षण सोपं आहे. एक सेकंदावर लावून दाबा, घर्र असा एकसारखा आवाज यायला हवा. मध्ये अडखळला, किंवा उघडून तसंच राहिलं आणि बोटाने टिचकी मारल्यावर मिटलं, तर सर्व्हिसिंग लागणार. दहाबारा वेळा दाबून सुधारतं हे खरं, पण चार दिवस कपाटात राहिलं की परत तेच.

मोजायचं कसं? मोबाईलवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या, लेन्सच्या मागे दिवा ठेवा, शटर उघडं असलेल्या फ्रेम मोजा. एका सेकंदाला २४० फ्रेम, पाव सेकंदाला ६०, १/३० ला ८. त्याच्यापुढे या पद्धतीवर भरवसा ठेवू नका, पण वाइड लेन्सवर एफ/२२ ला १०० आयएसओ फिल्म घेऊन सावलीतलं काम करणार असाल तर १/२५० चा स्पीड तुम्ही वर्षातून एकदा पण वापरणार नाही. हळू स्पीड खरे हवेत. आणि खरे नसले तरी चालतं, फक्त दर वेळी सारखे चुकायला हवेत. माझं एक कॉम्पूर अर्धा सेकंद म्हणतं आणि पाऊण देतं, कायम पाऊणच देतं, मी लेन्सबोर्डच्या, म्हणजे लेन्स बसवायच्या फळीच्या, मागे चिठ्ठी चिकटवलीये, विषय संपला.

जुन्या सिंक्रो कॉम्पूरवर व्ही, एक्स, एम असा छोटा खटका असतो. व्ही म्हणजे सेल्फ टायमर. त्याला हात लावू नका, जुना टायमर अर्ध्यात अडकला तर अख्खं शटर अडकतं. खटका एक्सवर ठेवायचा आणि विसरून जायचं.

लेन्सबोर्डचं भोक आधी विचारा. कोपल ० ला ३४.६, कोपल १ ला ४१.६, कोपल ३ ला ६५. काही जुन्या छोट्या वाइड ०० नंबरच्या शटरमध्ये आहेत, त्यांचं भोक अजून लहान, शून्याच्या बोर्डावर त्या खळखळतात. आणि मागची रिटेनिंग रिंग, लेन्स बोर्डाला आवळून धरते ती, सोबत आहे का ते न विसरता विचारा. निम्म्या विकणाऱ्यांना ती वेगळी वस्तू असते हेच ठाऊक नसतं, ती त्यांच्या जुन्या बोर्डावर राहते आणि तुमच्याकडे लेन्स येते नुसती.

कोपरा
शटरकाकांचं खरंय, पण काच टिकते यावर माझा कडू अनुभव सांगते.

तीन वर्षांपूर्वी मी एक ९० एफ/८ घेतली. जाहिरातीत काच स्वच्छ, बुरशी नाही, ओरखडा नाही असं लिहिलेलं, फोटो पण छान, समोरून काढलेले. घरी आल्यावर खोली अंधारी केली, शटर टी वर उघडं ठेवलं, अपर्चर पूर्ण उघडलं आणि मागून टॉर्च तिरकी धरली. पुढच्या भागात, अगदी काठाला, नखाच्या चंद्राएवढी एक कड चमकली. आधी वाटलं उजेड परावर्तित होतोय. लेन्स हळूहळू फिरवली तर चमक लेन्सबरोबर फिरली आणि तिच्यात रंग दिसले, पाण्यावर पेट्रोलचा थेंब पडल्यावर दिसतात तसे, जांभळा, हिरवा, पिवळा. सेपरेशन. आतल्या दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात, तो चिकट थर काठाकडून सुटत चालला होता. विकणाऱ्याला फोटो पाठवले, त्याचं म्हणणं काच स्वच्छ आहे असं लिहिलं होतं आणि ती स्वच्छच आहे. पैसे परत मिळाले नाहीत.

एवढीशी कड असेल तर एफ/२२ ला फोटोत काही दिसत नाही, मी ती लेन्स दोन वर्षं वापरली. पण ती कड वाढत जाते. पहिल्या वर्षी नखाएवढी होती, दुसऱ्या वर्षी पाव गोल झाला आणि उजेडाकडे तोंड केलं की सावल्या राखाडी यायला लागल्या. काचा सोडवून परत चिकटवायचा खर्च दुसऱ्या लेन्सएवढा.

म्हणून आता मी पैसे देण्याआधी तीन फोटो मागते, टॉर्च मागून तिरकी धरून, पुढून एक, मागून एक, आणि काठ जवळून. नाही म्हणाले तर मी पण नाही म्हणते.

चौकट
कोपराताई, आणि ते पांढरे ठिपके? मी बघत असलेल्या सुपर अँग्युलॉनच्या आत काठाला मीठ शिंपडल्यासारखे बारीक ठिपके आहेत. ते पण सेपरेशन का?

कोपरा
नाही, त्याला लोक श्नायडरायटिस म्हणतात. काचेच्या कडेला जो काळा रंग असतो तो जागोजागी सुटतो आणि पांढरे ठिपके दिसतात. चित्रावर काही परिणाम नाही. पण भाव पडतो, तेव्हा तुला ते ठिपके दिसले तर खुशाल घासाघीस कर. बुरशी वेगळी, ती धाग्यांसारखी फांद्या फुटत जाते, आणि काचेचं कोटिंग खाल्लं असेल तर पुसून पण खूण राहते.

सावलीमाप
कोपऱ्यातल्या अंधाराबद्दल कोणी बोललं नाही अजून. उलटी_पाटी, १५० वरून ९० वर येशील तेव्हा पहिला धक्का हाच बसणार.

लेन्सच्या मध्यापासून उजेड जितका तिरका येतो तितका तो फिल्मवर कमी पोचतो, आणि साध्या लेन्सला हे कमी होणं त्या कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने होतं. १५० वर ४×५ चा कोपरा मध्यापासून २७ अंशावर, तोटा जेमतेम दोन तृतीयांश स्टॉप, डोळ्याला कळत नाही. ९० वर तोच कोपरा ४० अंशावर जातो, तोटा दीड स्टॉपच्या वर. जुन्या अँग्युलॉनला हा पूर्ण भरावा लागतो.

सुपर अँग्युलॉन, ग्रँडॅगॉन, या नव्या पिढीच्या लेन्स वेगळ्या आहेत. समोरून बघितलं की पुढची काच भलीमोठी फुगीर आणि मागची पण, मधलं शटर मात्र छोटं. ही कल्पना सोव्हिएत डिझाइनर रुसिनोव यांची, १९४६ चं पेटंट, विमानातून नकाशे करायच्या कॅमेऱ्यासाठी. लेन्स बाजूने बघितली तर साध्या लेन्सचं छिद्र चपटं दिसत जातं, या लेन्समध्ये पुढच्या काचेमुळे ते तितकं चपटं होत नाही, त्यामुळे कोपऱ्याला उजेड जास्त मिळतो. चौथ्या घाताऐवजी तिसऱ्याच्या जवळ जातं. तोच ४० अंशाचा कोपरा, तोटा १.२ स्टॉप. म्हणजे जास्त पैसे नुसत्या मोठ्या सर्कलचे नाहीत, त्या उजेडाचे पण आहेत.

आता राइज देशील तेव्हा काय होतं ते बघ. ४० एमएम राइज दिला तर आकाशाकडचा कोपरा मध्यापासून ५० अंशाच्या आसपास जातो, तोटा जवळजवळ २ स्टॉप. आणि खालची जमीन मात्र लेन्सच्या मध्याजवळ, तिला पूर्ण उजेड. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवर मी यासाठी काही करत नाही, आकाश तसंही जास्त उजळ असतं, ते जरा दबलं तर मला आवडतं, बाकी प्रिंट करताना सांभाळून घेतो. अंधाऱ्या खोलीत वरचे कोपरे छताचे असतात आणि तिथं आधीच उजेड नाही, तेव्हा एक स्टॉप जास्त एक्सपोजर देतो म्हणजे कोपऱ्यात निदान काहीतरी डिटेल बसतं. ट्रान्सपरन्सी (स्लाइड फिल्म) काढणार असशील तर सेंटर फिल्टर लागेल, मध्ये गडद आणि काठाकडे स्वच्छ असा तो असतो, पण तो कधी कधी लेन्सइतका महाग पडतो आणि वर दीडेक स्टॉप खातो. सुरुवातीला घेऊ नकोस.

आतल्या फोटोंना एक्सपोजर लांबतं, तिथं रेसिप्रोसिटी, म्हणजे लांब एक्सपोजरला फिल्म मंदावते ते, विसरू नको. एफपी४ फिल्मला इलफर्डने दिलेला घात १.२६ आहे, मीटरच्या सेकंदांना तो लावायचा, मीटर १० सेकंद म्हणाला तर १८ द्यायचे. एचपी५ ला १.३१, १० चे २० होतात.

निळी_काच
एफ/८ घ्या म्हणताय सगळे, पण ग्राउंड ग्लासवर दिसतं किती तेही सांगा की. मी पहिल्यांदा ९० लावली तेव्हा वाटलं लेन्सला टोपी राहिलीये. मध्ये एक उजळ चकती आणि बाजूला काळोख. माझ्या कॅमेऱ्याला फ्रेनेल, म्हणजे ग्राउंड ग्लास उजळवणारी खाचांची काच, होता, तो १५० च्या हिशोबाचा, वाइडला फक्त मध्यभागी उजेड दाखवायचा. डोकं हलवावं लागतं, डावा कोपरा बघायचा तर आणखी डावीकडून आत तिरकं बघायचं, लूप (भिंग) पण तिरका धरायचा. काळा कपडा मानेभोवती घट्ट, दोन मिनिटं डोळ्यांना सवय होऊ द्यायची. मग दिसतं. अंधाऱ्या खोलीत मी फोकस हवा तिथं एक छोटी टॉर्च माझ्याकडे तोंड करून ठेवते, तिच्या ठिणगीवर फोकस करते आणि मग उचलून घेते.

कापलेले कोपरे ज्यांच्या ग्राउंड ग्लासला आहेत त्यांनी एक नक्की करा. अपर्चर एफ/२२ वर ठेवून त्या कापलेल्या कोपऱ्यातून लेन्सच्या छिद्राकडे बघा. छिद्र अख्खं दिसलं तर तो कोपरा सुरक्षित. कडा कापली जाऊन ते बदामी आकाराचं दिसलं तर राइज जास्त झालाय, दिसलंच नाही तर कोपरा काळा येणार. फिल्म वाया जाण्याआधी ही माहिती फुकट मिळते.

डोंगरवाट
+१. आणि फिल्म वाचवायची असेल तर पहिली टेस्ट फोटो पेपरवर करा. ८×१० चा पेपर लाल दिव्यात चार तुकडे करून होल्डरमध्ये बसेल इतका काठ छाटायचा, आयएसओ ६ धरायचं, मोकळ्या आकाशाचा फोटो. कोपरा कुठं संपतो, अंधार किती, फोकस एका बाजूला घसरतोय का सगळं एका संध्याकाळी कळतं.

पितळी_रिम
अमेरिकन जुन्या लेन्स सगळे विसरले. कोडॅकची वाइड फिल्ड एक्टार १०० एमएम एफ/६.३ बघ. ९० पेक्षा थोडी लांब आहे पण ४×५ कव्हर करून वर राइजला थोडी जागा ठेवते, अँग्युलॉनसारखी काठावर बसत नाही, आणि आकार छोटाच. पुढे गोलात एल असं अक्षर असेल तर कोटेड. वर्ष काढायला सिरियल नंबरची पहिली दोन अक्षरं बघायची, कोडॅकचा संकेत आहे कॅमेरॉसिटी, सी म्हणजे १, ए २, एम ३, ई ४, आर ५, ओ ६, एस ७, आय ८, टी ९, वाय ०. आर वाय असेल तर १९५०. माझी ई टी आहे, १९४९ ची. खटकते ती फक्त शटरची बाजू, बऱ्याच सुपरमॅटिकमध्ये आहेत, त्याचे भाग मिळत नाहीत.

ग्राफ्लेक्सची ऑप्टार ९० एफ/६.८ आणि वोलेनसॅक रॅप्टार ९० एफ/६.८ ही जवळपास एकच वस्तू, वोलेनसॅकनेच बनवलेली. अँग्युलॉनसारखीच, जेमतेम कव्हर. ८×१० वाल्यांना स्वस्त वाइड हवी असेल तर वोलेनसॅकची १५९ एमएम, एफ/१२.५ किंवा एफ/९.५ वाली, एफ/४५ ला बंद केली की अख्खं ८×१० झाकते. ती अंधारी आहे पण तेवढ्या पैशात तेवढी वाइड दुसरी मला तरी सापडली नाही.

शटरकाका
घेण्याआधी आपल्या कॅमेऱ्याचे बेलोज किती मिटतात ते मोजा. ९० सहसा साध्या सपाट बोर्डावर चालते पण बेलोज इतके दाबले जातात की राइज द्यायला गेलं की ते परत खाली ओढतात. बॅग बेलोज, म्हणजे सैल पिशवीसारखे, असतील तर उत्तम. नसतील तर रिसेस्ड बोर्ड, लेन्स आत खोल बसते त्यामुळे बेलोजला थोडा श्वास मिळतो, पण अपर्चरचा दांडा बोटाला सापडत नाही. ग्राफ्लेक्सचा जुना स्पीड ग्राफिक कॅमेरा असलेल्यांनी ९० च्या खाली जाऊ नये, मागे फोकल प्लेन शटर असल्यामुळे डबा जाड आहे. त्याच घरच्या क्राउन ग्राफिकला ते शटर नाही, डबा पातळ, तिथं ६५ पण बसते.

उलटी_पाटी
मंडळी, घेतली! सुपर अँग्युलॉन ९० एफ/८, आत काठाला मिठासारखे ठिपके आहेत म्हणून बऱ्यापैकी कमी झाली. कोपराताईंनी सांगितल्यासारखे तीन फोटो मागितले, समोरच्याने न कुरकुरता पाठवले. रिटेनिंग रिंग आहे का हे पण विचारलं, त्यांनी शोधून वेगळ्या पुडीत दिली. शटर एक सेकंदाला १.२ देतंय, चिठ्ठी चिकटवली.

काल त्याच जिन्यावर गेलो. मागे भिंत, ट्रायपॉडचा पाय त्याच पायरीवर. कपड्यात शिरलो, आधी काहीच दिसेना, निळी_काच म्हणाल्या तसं थांबलो. मग हळूहळू पायऱ्यांच्या कडा उमटायला लागल्या, उलट्या, वरून खाली येणाऱ्या. लेन्स २५ एमएम वर घेतली आणि झरोका काचेत उतरला. चार पायऱ्या पण आहेत. कापलेल्या कोपऱ्यातून छिद्र अख्खं दिसलं. एफपी४, एफ/२२, मीटर ८ सेकंद, रेसिप्रोसिटी धरून १४.

आडवी आणि उभी अशा दोन शीट काढल्या. आडवी जशी पाहिजे तशीच आलीये, झरोक्याची जाळी लूपखाली मोजता येते. उभ्या शीटमध्ये मात्र पायऱ्यांच्या खाली, अगदी मध्यावर, एक धूसर उंचवटा आलाय, दोन टोकं असलेला, डाव्या उजव्या बाजूला नाही, फक्त मधोमध. बेलोज खाली आले असतील का?

काळा_कपडा
बेलोज नाहीत, तो तुझ्याच कॅमेऱ्याचा बेड, म्हणजे पुढे उघडणारी फळी, आहे. ती दोन टोकं म्हणजे रेलची. ९० इतकी मागे बसते की बेडचा पुढचा भाग लेन्सच्या समोर पसरलेला राहतो, आणि उभ्या फ्रेममध्ये खालचा कोन जास्त असल्यामुळे तो चित्रात शिरतो. ग्राउंड ग्लासवर तो सगळ्यात वर येतो आणि तिथं काळोख असतो म्हणून सुटला नजरेतून, मलाही पहिल्या वर्षी दोनदा झालंय.

पुढचं स्टँडर्ड, म्हणजे लेन्सची उभी चौकट, जागच्या जागी ठेवायच्या ऐवजी रेलवर जमेल तेवढं पुढे आण आणि मागचं स्टँडर्ड त्याच्याजवळ सरकव, कॅमेऱ्यात ती सोय असेल तर. नसेल तर बेड खाली झुकवून पुढचं आणि मागचं दोन्ही स्टँडर्ड परत उभं सरळ कर. आणि राइज २५ वरून ३० वर ने, जितकी लेन्स वर जाईल तितका बेड खाली राहील, तुझ्या सर्कलमध्ये उभ्याला ३७ पर्यंत जागा आहे.

उलटी_पाटी
मागचं स्टँडर्ड सरकतं! आत्ता उठून बघितलं, दोन स्क्रू ढिले केले की पुढे येतं, इतके दिवस मी त्यांना हातच लावला नव्हता. बेडचं टोक आता लेन्सच्या जेमतेम पुढे राहतंय. रविवारी सकाळी झरोक्यातून ऊन येतं त्या वेळेला परत जातो, उभी शीट परत काढतो.

निळी_काच
ऊन थेट जाळीतून येणार असेल तर हाताने नाहीतर डार्क स्लाइडने, होल्डरच्या झाकणपट्टीने, लेन्सवर सावली धर, फुगीर काच आहे, बाजूचा उजेड पटकन पकडते. फक्त सावली धरताना एकदा कापलेल्या कोपऱ्यातून बघ, स्लाइड फ्रेममध्ये यायची.